सुटी चहापत्ती घ्यायला येताय? लातूरच्या आमच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

दुकान उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मोंढ्यातले एक आडते आले होते. त्यांनी विचारून चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली, अंगठ्यानं पसरली, फुंकर मारून बघितली आणि म्हणाले, "बाप्पा, ही पत्ती हाय का पालापाचोळा?" आज ते महिन्याला दीडशे ग्रॅम नेतात. मधल्या काळात त्यांनी जे जे विचारलं, त्यातलं बरंचसं खाली आहे. उरलेलं तुमच्यासारख्यांनी विचारलेलं.

सुटी पत्ती म्हणजे पोत्यातली स्वस्त पत्ती ना?

हा घोळ शब्दामुळं होतो. आपल्याकडं किराणा दुकानात पोत्यातून किलोवर मोजून देतात तीही सुटीच. आम्ही सुटी म्हणतो ती कागदी पिशवीत न कोंबलेली, शक्यतो अख्ख्या पानाची पत्ती. टी बॅगेत बहुतेक वेळा भुकटी किंवा बारीक कणी असते, कारण ती झटकन रंग सोडते. अख्ख्या पानाला फुलायला जागा लागते आणि वेळही लागतो.

मग आपल्या दाणेदार पत्तीत आणि हिच्यात फरक काय?

करण्याच्या पद्धतीचा. दाणेदार पत्ती सीटीसी यंत्रावर बनते. दात असलेल्या रुळांच्या जोड्यांमधून पान चिरडतं, फाटतं आणि त्याच्या गोळ्या होतात. ही पद्धत 1930 च्या दशकात आसामात निघाली. भारतातला बहुतेक चहा आज असाच बनतो, आणि दूध-साखर घालून उकळायला त्याच्यासारखा दुसरा नाही. दुसरी रीत ऑर्थोडॉक्स. तिच्यात पान आधी बारा-पंधरा तास सुकवतात, मग न फाडता वळतात, हवेत ठेवून तपकिरी होऊ देतात आणि शेवटी गरम हवेनं वाळवतात. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पाल्याचा एक किलो चहा होतो.

ग्रीन, व्हाइट, ऊलाँग आणि काळा हे चारही एकाच झाडाचे, हे सांगितलं की निम्म्या लोकांना आम्ही फसवतोय असं वाटतं. पण झाड खरंच एक आहे. कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं तसं पान हवेनं तपकिरी पडतं. ते पूर्ण पडू दिलं तर काळा चहा, अर्ध्यावर थांबवलं तर ऊलाँग, सुरुवातीलाच आच देऊन थांबवलं तर ग्रीन. चीनमध्ये ही आच बहुधा कढईत देतात, जपानात वाफेनं. म्हणून जपानी सेंचाला पालकासारखा हिरवा वास येतो आणि चिनी लाँगजिंगला भाजलेल्या दाण्यासारखा.

आमच्या घरी दुधाचाच चहा लागतो. तुमच्या दुकानात येऊन काय उपयोग?

आम्ही स्वतः सकाळी सातला आलं ठेचून दुधाचाच पितो. तो सोडा असं या दुकानात कुणी सांगणार नाही. निजामाच्या राजवटीत राहिलेला मुलूख आपला. घट्ट दुधाचा चहा आणि उस्मानिया बिस्कीट ही आवड एका दुकानानं जाणार नाही आणि जाऊही नये.

दुधासाठी आमच्याकडं आसामची जाड दाण्याची सीटीसी आहे आणि सेकंड फ्लशची, म्हणजे मे-जूनच्या खुडणीची, ऑर्थोडॉक्सही. दुसरी जरा जास्त वेळ उकळावी लागते, पण तिला भाजलेल्या धान्यासारखा गोडसर वास असतो आणि तो दुधातही टिकतो. मात्र दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश, म्हणजे हिवाळ्यानंतरची पहिली खुडणी, दुधात उकळणार असाल तर कृपा करून नेऊ नका. आम्ही पैसे घेऊ, पण जीव तुटतो.

गुळाचा चहा फाटतो अशी तक्रार करणाऱ्यांसाठी: गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग गूळ घाला.

दुकानात आल्यावर नेमकं काय करायचं? मला त्यातलं काही कळत नाही.

बसायचं. काउंटरच्या डाव्या हाताला लाकडी टेबल आहे. आम्ही दोन गोष्टी विचारतो: घरी कसा चहा पिता, आणि कडवट आवडतं की नाही. कॉफी पिणारा, कारल्याची भाजी आवडीनं खाणारा माणूस आणि सरबतासारखा गोड चहा पिणारा माणूस यांना एकाच बरणीकडं नेऊन चालत नाही. मग तीन चहा शेजारी शेजारी करून देतो. तीनच. पाचव्या कपानंतर जीभ थकते आणि सगळं सारखं लागायला लागतं.

चवीसाठी पैसे घेत नाही. घ्यायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पण तोंडात तंबाखू किंवा गुटखा असेल तर आधी चूळ भरून या, आणि अत्तर लावून आला असाल तर टेबलाच्या त्या टोकाला बसा. हे बोलायला आम्हालाच संकोच वाटतो म्हणून इथं लिहून ठेवलं.

आणि भुरका मारायला लाजू नका. चहा पारखणारे लोक मोठा आवाज करूनच पितात, कारण भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास नाकापर्यंत चढतो. बशीत ओतून भुरकणाऱ्या आमच्या आजोबांना आयुष्यभर बोलणी बसली, आणि त्यांचंच बरोबर होतं.

चांगली पत्ती ओळखायची कशी?

तूर पारखता तशीच. मोंढ्यात नमुना बघताना आपण काय बघतो? दाणा एकसारखा आहे का, खडा-काडी किती, ओल किती, वास कसला. पत्तीला हेच लावा. पांढऱ्या कागदावर चमचाभर पसरा. पान साधारण एका आकाराचं पाहिजे. तांबूस चपट्या काड्या जास्त असतील तर मळणीत कचरा राहावा तसा प्रकार आहे. तळाशी भुकटी साचली असेल तर माल जुना तरी आहे किंवा वाटेत आपटलेला तरी. दोन बोटांत दाबल्यावर पान कुडकन मोडलं पाहिजे. मऊ वाकलं तर ओल धरली.

मग मूठ झाकून त्यात एक गरम श्वास सोडा आणि लगेच वास घ्या. कोरड्या पत्तीचा वास झोपलेला असतो, उबेनं जागा होतो. पोत्याचा, बुरशीचा किंवा नुसताच पुठ्ठ्याचा वास आला तर आमच्या दुकानातून घेऊ नका, दुसरीकडूनही नको.

खरी परीक्षा चहा झाल्यानंतर. गाळणीतलं ओलं पान उघडून बघा. चांगल्या ऑर्थोडॉक्समध्ये कधी कधी अख्खी डहाळी हाती लागते, दोन पानं आणि मधली कळी. लहान मुलांना हे दाखवलं की ती चहा न पिताही रमतात.

डब्यावर एसएफटीजीएफओपी असं लिहिलंय. हे काय आहे?

पानाच्या आकाराची आणि कळ्यांच्या प्रमाणाची खूण. चवीचे गुण नव्हेत. यातला ओपी म्हणजे ऑरेंज पेको. त्याचा संत्र्याशी संबंध नाही. पुढं जितकी अक्षरं जोडलेली, तितकी कोवळ्या टोकांची निवड जास्त. बी हे इंग्रजी अक्षर आलं की तुटलेलं पान. दार्जिलिंगात चहाचे लोक एसएफटीजीएफओपीचा लांबलचक अर्थ थट्टेनं लावतात, की इतका भारी माल साध्या माणसाच्या वाट्याला येणार नाही. अक्षरं मोजून भाव देऊ नका.

एकाच दार्जिलिंगच्या मळ्याचे चार वेगळे भाव कसे?

कारण खुडणीचे हंगाम चार. हिवाळ्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये पहिला फुटवा येतो, तो फर्स्ट फ्लश. रंग फिकट पिवळा, वास फुलांचा, थोडा तुरट. मे-जूनमध्ये सेकंड फ्लश, तांबूस आणि भरदार. पावसाळ्यात पान भराभर वाढतं आणि चव पातळ होते, म्हणून तो स्वस्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा ऑटम फ्लश तांब्याच्या रंगाचा आणि मवाळ. आम्हाला विचाराल तर नवशिक्यानं यापासूनच सुरुवात करावी. भाव निम्मा असतो आणि थोडं चुकलं तरी कडू होत नाही.

सेकंड फ्लशबद्दल एक गंमत आहे, ती शेतकरी गिऱ्हाइकांना आम्ही हटकून सांगतो. कापसावर तुडतुडे पडले की आपल्या पोटात गोळा येतो, पंप काढून फवारणी सुरू होते. दार्जिलिंगात त्याच कुळातला हिरवा तुडतुडा चहाच्या कोवळ्या पानाचा रस शोषतो आणि झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. पिकलेल्या द्राक्षासारखा जो मस्कटेल वास येतो आणि ज्याच्यासाठी लोक चढा भाव देतात, त्यात या किडीचा मोठा वाटा आहे. औशाकडचे एक शेतकरी हे ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्याच तुडतुड्यानं काय पाप केलं होतं?"

दार्जिलिंग खरा आहे कशावरून?

2004 मध्ये दार्जिलिंग चहाला भारतातलं पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या मराठवाड्याच्या केसर आंब्याला किंवा बोरसुरीच्या तूरडाळीला आहे तसंच. त्या डोंगरातल्या ठरावीक 87 मळ्यांचाच चहा हे नाव लावू शकतो. पाकिटावर टी बोर्डाची गोल मोहोर असते: बाजूनं दिसणारा बाईचा चेहरा आणि हातात पान. ती बघा, मळ्याचं नाव बघा, खुडणीचं वर्ष विचारा. तिन्ही गोष्टी गोलगोल सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

शेजारच्या नेपाळात, इलामच्या बाजूला, फार सुंदर चहा होतो. तो दार्जिलिंगच्या नावानं खपवतात ही लबाडी, पण चहाचा त्यात दोष नाही. आमच्याकडं तो नेपाळ असंच लिहून ठेवलेला आहे.

बाकी कुठले चहा ठेवता?

दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला हिवाळी चहा, डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीतला. हिमाचलातल्या कांगड्याचा थोडासा, 1905 च्या भूकंपात तिथले मळे आणि कारखाने कोसळले, मग तो धंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही, पण चहा नाजूक असतो. चीनचा लाप्सांग सूचाँग पाईनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. काहींना त्यात चुलीवरच्या दुधाची आठवण येते, काहीजण कप तसाच खाली ठेवतात. अर्ल ग्रेमध्ये बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचं तेल असतं. माचा, म्हणजे जपानी ग्रीन टीची भुकटी, ठेवत नाही. उघडल्यावर तो फार लवकर उतरतो आणि आमच्याकडं तेवढं गिऱ्हाईक नाही.

दुकानात मस्त लागतो, घरी केला की बेचव. पत्ती बदलून देता का?

बदलून देतो, पण आधी घरचं पाणी बाटलीत भरून घेऊन या. खरंच आणा, बरेच जण आणतात.

लातूरकरांना पाण्याचं महत्त्व सांगायला नको. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या दारात बोअर, आणि बोअरचं पाणी जड. ज्या पातेल्याच्या तळाला पांढरा खार धरतो, त्या पाण्यात चांगला चहा होत नाही. पाण्यातले चुन्याचे क्षार पत्तीतल्या तुरट द्रव्यांशी जुळतात आणि कपावर तेलकट दिसणारी साय धरते. चमच्यानं ढकलली तर सुरकुत्या पडून फाटते. गिऱ्हाईक म्हणतं, पत्तीला पॉलिश केलंय. पॉलिश नाही, ते तुमचं बोअर आहे. लिंबाचे दोन थेंब पिळा, साय तिथल्या तिथं विरते. दुधाच्या चहात हे लपून जातं, कोऱ्यात लपत नाही. फर्स्ट फ्लशचा पिवळा रंग अशा पाण्यात मळकट तपकिरी होतो आणि फुलांचा वास जातो.

म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात, नुसतं आरओचं पाणी. त्यातून सगळंच काढून घेतलेलं असतं, चहा पोकळ लागतो. आम्ही दुकानात तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं पाणी मिसळून उकळतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. आकडा 100 ते 150 च्या मध्ये आला की झालं. बोअरचा आकडा कित्येकदा 500 च्या वर जातो.

एकदा एक शिक्षिका तीन बाटल्या घेऊन आल्या: नळ, बोअर आणि जार. एकाच पत्तीचे तीन कप केले. एक सोन्यासारखा, एक चिखलासारखा, एक मधलाच. त्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला आणि पत्ती बदलून न घेता गेल्या.

पत्ती किती आणि वेळ किती?

200 मिलीच्या कपाला अडीच ग्रॅम. चमच्याच्या मापावर विसंबू नका. व्हाइट टीचा चमचा पिसासारखा हलका आणि सीटीसीचा जड. छोटा वजनकाटा असेल तर उत्तम.

काळ्या चहाला उकळतं पाणी, तीन ते चार मिनिटं. फर्स्ट फ्लशला उकळी बसल्यावरचं पाणी, अडीच-तीन मिनिटं. ग्रीनला 75 ते 80 अंश, दोन मिनिटं. ऊलाँगला 90 च्या आसपास, आणि तेच पान तीनदा-चारदा वापरता येतं. वेळ झाली की गाळून वेगळं करा. पान पाण्यात तसंच ठेवून फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत काढा झालेला असेल.

चव परीक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे 100 मिलीला 2 ग्रॅम आणि सहा मिनिटं. ते दोष शोधायला आहे, सुखानं प्यायला नाही.

थर्मामीटर नाही. 80 अंश कसे ओळखू?

आपल्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. तीन कप उकळतं पाणी आणि एक कप प्यायचं साधं पाणी एकत्र करा, 80 च्या जवळ येतं. एवढंच.

शंभर ग्रॅमला सहाशे रुपये? एवढ्यात दीड किलो पत्ती येते!

येते. पण कपाचा हिशेब करा. अडीच ग्रॅमचे पंधरा रुपये, आणि त्याच पानाचा दुसरा कप निघतो म्हणजे साडेसात. दूध लागत नाही. बसस्टँडसमोर कटिंगला दहा रुपये देताना आपण हिशेब करत नाही.

तरी एकदम शंभर ग्रॅम घेऊ नका. पहिल्यांदा येणाऱ्याला आम्ही 25 ग्रॅमच देतो, दहा कप होतात. दहाव्या कपापर्यंत आवडला तर पुढचं बोलू.

ग्रीन टीनं वजन उतरतं का?

त्यासाठी घेणार असाल तर नका घेऊ. परिणाम असलाच तर नगण्य. दिवसाला दोन-दोन चमचे साखरेचे चार कप बंद करून त्या जागी बिनसाखरेचा कोणताही चहा घेतलात तर दीडशेच्या आसपास कॅलरी वाचतात. फरक पडला तर त्यानं पडेल. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या किंवा बीपीच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारा, आम्हाला नको.

मुलगा नीटची तयारी करतोय. रात्री जागायला कुठला चहा द्यावा?

लातुरात हा प्रश्न दिवसाला दोनदा येतो. जागवणारं कॅफीन सगळ्याच खऱ्या चहात असतं, ग्रीनमध्येही; कॉफीपेक्षा कमी. पण शरीरातून ते निम्मं व्हायलाच पाच-एक तास जातात. रात्री अकराला घेतलेला कप पहाटे चारला अर्धा शिल्लक असतो. संध्याकाळी सहाच्या आत एक कप आसाम द्या आणि रात्री झोपू द्या. त्या मुलांना बाकी कशाहीपेक्षा झोप कमी पडते, हे आम्ही दुकानात बसून बघतो.

घरी ठेवायचा कसा?

हवा, उजेड, ओल, उष्णता आणि वास यांच्यापासून दूर. काचेची बरणी दिसायला छान पण उजेडानं पत्ती मरते. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा आपल्या प्रत्येक घरात आहे, तोच घ्या. मे महिन्यात गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. बाहेर काढताना डब्यात दव धरतं.

वासाबद्दल स्वतःची चूक सांगतो. पहिल्या वर्षी फर्स्ट फ्लशचा एक डबा मी घरी आईच्या काळ्या मसाल्याच्या कपाटात ठेवला होता. पंधरा दिवसांनी उघडला तर दगडफूल आणि लवंग. फुलांचा वास शोधूनही सापडेना. तो चहा आम्ही घरीच तीन महिने प्यायला. आई म्हणायची, "बरा लागायलाय की, आता नुसती भाकरी चुरायची राहिली."

गवती चहा, तुळस, गोकर्ण मिळतं का?

मिळतं. हे कुठलेही चहाच्या झाडाचे नाहीत, गवती चहासुद्धा नाही, फक्त नाव पटकावलंय. कॅफीन नसतं म्हणून रात्री चालतात. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं.

उन्हाळ्यात गरम चहा कोण पिणार?

थंड करा. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम निलगिरी टाकून झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. गरम पाणी लागतच नाही, त्यामुळं कडवटपणा कमी उतरतो. निलगिरी यासाठी, की बरेच काळे चहा गार झाल्यावर गढूळ होतात, हा बहुधा नितळ राहतो. 42 अंशांत दुपारी दुकानात आलात तर मागायची गरज नाही, आम्ही आधी हाच ग्लास पुढं करतो.

नवा माल कधी येतो, आणि दुकान कधी उघडं असतं?

फर्स्ट फ्लश एप्रिलच्या शेवटाला, सेकंड फ्लश जुलैत, ऑटम डिसेंबरात, निलगिरीचा हिवाळी चहा फेब्रुवारीत. सकाळी दहा ते रात्री आठ. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, पण मी आतच असतो. वाकून आवाज द्या.